असलीस तर

काळेवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं स्वयंपाकघरात देवघरासाठी एक कोनाडा काढून दिला होता. खाली संगमरवराचा तुकडा, मागे सोनेरी टाइल, वर दिव्यासाठी वायर सोडलेली. वायर आयतीच होती म्हणून आम्ही तिथं वायफायचा राउटर ठेवला. आई गावाहून राहायला आली की सकाळी आंघोळ करून त्या कोनाड्यासमोर उभी राहायची, डोळे मिटून हात जोडायची आणि मगच चहाला बसायची. आत काय आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं. मी एकदा म्हणालो, "आई, ते इंटरनेटचं मशीन आहे." ती म्हणाली, "आसूं दे. मी जागंला नमस्कार करती." 

मी काही चळवळीतला माणूस नाही. सभांना जात नाही, कुणाशी वाद घालत नाही. चाकणला इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे एखादा भाग खराब निघाला की 'का' विचारतात. जे उत्तर येईल त्यालाही 'का' विचारतात, आणि असं मूळ सापडेपर्यंत खाली खाली जात राहतात. एका खंडेनवमीला आमच्या लाइनवरच्या मशीनची पूजा झाली. सुपरवायझरनं जोशात नारळ फोडला, पाणी कंट्रोल पॅनेलमध्ये गेलं आणि मशीन बंद पडलं. बंद का पडलं, तर ओल गेली. ओल का गेली, यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी कारण ठरलं 'हवेतील दमटपणा'. मला त्या दिवशी इतकं हसू आलं की नंतर कुठंच नीट हात जोडता येईनात. माझ्या नास्तिकपणाची सुरुवात ही एवढीच आहे. लोकांना मोठं कारण हवं असतं, ते माझ्याकडे नाही.

लग्न आम्ही रजिस्टर केलं. बायको माणच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. तिला देवाचं प्रेमही नाही आणि वावडंही नाही. दिवाळीला ती पणत्या लावते, कुणी प्रसाद दिला तर खाते. मी खात नसे. ती मला म्हणायची, "तुझं हे न मानणंसुद्धा एक सोवळंच आहे. ह्याला शिवायचं नाही, त्याला शिवायचं नाही." मी चिडायचो, कारण त्यात तथ्य होतं.

मुलगी झाली तेव्हा आमचं ठरलं की तिला देव द्यायचा नाही आणि देवाविरुद्धही काही शिकवायचं नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल. एकच नियम ठेवला: आपल्याला जे खरं वाटत नाही ते बोलायचं नाही, मग समोर कुणीही असो. 'का' विचारायला मोकळीक होती. शाळेत मैत्रिणीनं विचारलं, तुमच्या घरी कुठला देव आहे, तर ही म्हणाली, "आमच्याकडे नाहीये. पप्पा म्हणतात, मोठी झाल्यावर बघू." सोसायटीत ते ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. लोक मला जिन्यात थांबवून हसत विचारायचे, काय राव, पोरीला कुत्रा घेऊन देत नाही तसं देवाचं पण का? मीही हसायचो. आतून मात्र मला अभिमान होता. पोरगी दहा वर्षांची झाली होती, कशाला भीत नव्हती, खोटं बोलत नव्हती. आपलं बरोबर चाललंय असं मला वाटत होतं.

मग आईला दम लागायला लागला.

वडील गेल्यापासून आई गावी एकटी राहते. राजगुरुनगरच्या अलीकडे आमचं गाव आहे. थोडं शेत, बाजूला चुलत्यांचं घर आणि गावामागच्या टेकडीवर देवी. आधी आई म्हणाली की टेकडी चढताना दम लागतो. मग म्हणाली, विहिरीपासून घरापर्यंत येताना लागतो. मी तिला चिंचवडला डॉक्टरांकडे आणलं. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आकसली आहे, ऑपरेशन करून नवी बसवावी लागेल, बसवली तर पुढं उत्तम, नाही बसवली तर फार दिवस निघणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला विचारलं, "वाल म्हंजी तुझ्या कंपनीत बनत्यात तसलाच का? तिथलाच मिळंल का एखादा?" मी हसलो. तीही हसली. मला वाटलं, तयार झाली.

घरी आल्यावर चहा पिता पिता ती म्हणाली, "आपरेशन नगं."

मला वाटलं घाबरली. मी कंपनीतल्या तीन जणांची उदाहरणं दिली, विम्याचं सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग बायको शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, नक्की काय आहे ते बोला बघू." तेव्हा आईनं सांगितलं.

मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मली होती. हाताच्या ओंजळीत मावेल एवढी होती. काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि डॉक्टर कशाचीच खात्री देत नव्हते. त्या दिवसांत आई एक दिवस दवाखान्यातून न सांगता गायब झाली होती. संध्याकाळी परत आली तेव्हा कपाळाला मळवट होता. मी वैतागलेलो होतो, काही विचारलं नाही. त्या दिवशी ती गावी जाऊन टेकडी चढली होती. देवीपुढं पदर पसरून म्हणाली होती, माझं जेवढं उरलं आसंल तेवढं ह्या लेकराला घाल.

"धा वर्सं थांबली ती," आई म्हणाली. "सबूर करून थांबली. मला नात बघू दिली, खेळवू दिली. आता बोलवती हाय. आन् मी काय म्हणू, थांब, वाल बदलून आले? शब्द दिलाय मी. मी पळवाट काढली आन् तिनं पोरीकडनं वसूल केलं तर?"

मला आधी राग आला. मग भरून आलं. मग परत राग आला, आणि आलटून पालटून तेच होत राहिलं. मी म्हणालो, "आई, असं कुणी घेत-देत नसतं. पोरगी डॉक्टरांनी वाचवली." तोंडातून शब्द निघत असतानाच ते मला कसेतरी वाटले. बाईनं आपलं आयुष्य काढून दिलंय आणि मी तिला सांगतोय की ते कुणी घेतलंच नाही. आई मात्र रागावली नाही. भाजीचा भाव ठरवावा इतक्या सरळपणे म्हणाली, "आसंल तुझं खरं. पण नसंल तर? पोरगी तुझी हाय. तू लाव पैज. मी न्हाई लावणार."

 कंपनीत शंभर वेळा तपासलेल्या भागावर मी सही करतो. इथं मला सही करता आली नाही. का नाही आली ते मला कळेना. देवी नाही याची मला जेवढी खात्री होती तेवढी कशाचीच नव्हती, आणि तरी पोरीला मधे ठेवून ती खात्री बोलून दाखवायचा धीर होईना.

पुढचे काही आठवडे आईचे पाय सुजत गेले. ती सोफ्यावर बसून झोपू लागली. डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं, तिनं त्यांना आशीर्वाद दिले. उपाय शेवटी बायकोनं काढला. ती म्हणाली, "आई डॉक्टरांचं ऐकत नाहीत, तुझं ऐकत नाहीत. देवीचं ऐकतील. मग देवीलाच विचारू या."

आमच्या देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवतो, माणूस प्रश्न विचारतो, उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लहानपणी मी हे खूप पाहिलंय. विहीर खणू का, लग्न जमेल का, सगळं तिथं विचारतात. आईला विचारलं तर तिचा चेहरा उजळला. "तिनं सोडलं तर जाईन मी," ती म्हणाली. "पर इचारायला पोरगी पायजे. तिच्यासाठी मागितलं व्हतं, तिच्याच तोंडून सुटलं पायजे."

गावचा गुरव माझ्याच वर्गातला. सकाळी देवीची पूजा करतो आणि दुपारपासून चाकणला एका गोडाऊनमध्ये माल चढवतो. माझी शिफ्ट सुटल्यावर मी त्याला गोडाऊनच्या गेटाबाहेरच्या टपरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यानं चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "मग उजवी पाडायची ना, भावा?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हणजे काय, पाणी कमी लावलं की लवकर पडती. डावीला जरा गंध लावायचं, बसती चिकटून."

मला त्याचा संताप आला. मी, ज्यानं दहा वर्षं प्रसादाला हात लावला नाही, तो गुरवावर संतापलो. म्हणालो, "अरे, तू तरी मानतोस ना?"

"मानतो म्हणून तर," तो म्हणाला. "तुझी आय मरावी असं वाटतंय का देवीला? तिच्या मनातलंच करायचं हाय. तिला ओळखत नसतो तर हात लावायला भ्यालो असतो."

मी चहाचे पैसे दिले आणि उठलो. घरी येईपर्यंत ट्रॅफिकमध्ये विचार करत होतो की त्याचं चुकलं कुठं. सापडलं नाही. उलट हलकं वाटायला लागलं. उजवीच पडणार होती. सगळं सुटणार होतं. फक्त पोरीनं एक वाक्य विचारायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी तिला गॅलरीत घेऊन बसलो आणि म्हणालो, उद्या देवळात जाऊन असं असं विचारायचं.

"मी नाही विचारणार," ती म्हणाली. "जी आहे असं आपल्याला वाटतच नाही, तिला कसं विचारायचं?"

"नाटक समज. शाळेत करतेस तसं."

"आजीला माहितीये का नाटक आहे ते?"

"नाही."

"मग ते नाटक नाही, पप्पा."

मी पुन्हा सुरुवात केली. आजीनं ऑपरेशन करायला हवं म्हणून हे सगळं आहे, म्हणालो. ती म्हणाली, मग तिला तसं सांगायचं. सांगितलं, ती ऐकत नाही. का ऐकत नाही? तिला वाटतं की तिनं ऑपरेशन करणं चूक आहे. का? अशी ती खाली खाली गेली, मीच शिकवल्याप्रमाणे, आणि शेवटी मला काचेच्या पेटीपर्यंत यावं लागलं. आजीनं काय मागितलं होतं ते सांगावं लागलं. पोरीनं ते पहिल्यांदाच ऐकलं. ती गॅलरीच्या गजांमधून खालच्या रिक्षा बघत बसली. तिला धीर यावा म्हणून मी सांगून टाकलं की काळजीचं कारण नाही, गुरवकाकांशी बोललोय, उजवीच पाकळी पडणार आहे.

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला नको होती. "म्हणजे आजीला फसवायचं?" ती म्हणाली.

मी म्हणालो, तिच्या भल्यासाठी. ती उठून आत गेली. बायकोनं मला विचारलं काय झालं, मी म्हणालो काही नाही, तयार आहे. खरं तर पोरगी हो म्हणाली नव्हती. तिच्यात मी रुजवलेला सगळा खरेपणा माझ्याच आईच्या मुळावर येणार की काय, अशी मला भीती वाटत होती. त्या रात्रीपुरतं मला वाटलं, हिला चारचौघींसारखी वाढवली असती तर बरं झालं असतं. गुपचूप हात जोडून मोकळी झाली असती.

रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी गुरव प्लास्टिकची खुर्ची घेऊन उभा होता. आईला खुर्चीत बसवलं, एका बाजूनं त्यानं आणि एका बाजूनं मी धरलं आणि वर नेलं. आई लाजत होती. "नवरीवाणी मिरवताय मला," म्हणाली. बायको आणि पोरगी मागून येत होत्या. वरून पूर्वी नुसती शेतं दिसायची, आता गोडाऊनचे निळे पत्रे दिसतात. मी धापा टाकत होतो आणि पोरीकडे बघत होतो. ती तोंड मिटून चढत होती.

गाभारा लहान आहे. गुरव आत गेला, मूर्तीचे खांदे पुसले, तांब्यात बोट बुडवलं आणि मला दिसेल अशी मान हलवली. आई खुर्चीतून उठून उंबऱ्याशी बसली. पोरीला पुढं केलं. "इचार, बाय," ती म्हणाली. "म्हण, आजीला सोडतीस का."

पोरीनं हात जोडले नाहीत. दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात होते. गुरवाची पाकळी अजून बोटावरच होती, तेवढ्यात ती मूर्तीकडे बघून, वर्गात उत्तर द्यावं तशा आवाजात बोलली.

"मला वाटत नाही की तू आहेस. पण असलीस तर माझ्यातलं घे आणि आजीला परत दे. तिनं दिलं होतं तेवढं सगळं."

माझा हात तिच्या तोंडावर गेला. मी नेला नाही, गेला. वाक्य पूर्ण झालेलं होतं, तरी मी तिचं तोंड दाबून उभा राहिलो.  त्या क्षणी मला जे वाटलं ते मी लिहायला नको, पण लिहितो. मला वाटलं, हे कुणी ऐकलं तर नाही ना.

आई दोन्ही हात मूर्तीकडे करून हलवत होती. "न्हाई, न्हाई, आई. आयकू नगंस तिचं. लेकरू हाय ते, त्याला काय कळतंय." मग पोरीकडे वळली. मी आईला तिच्यावर ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. "माघारी घे. आत्ताच्या आत्ता म्हण, चुकले, माघारी घेते."

पोरीनं माझा हात बाजूला केला.  "तू आधी दवाखान्यात जा," ती म्हणाली. "ऑपरेशन करून ये. मग म्हणते."

"आगं, तवर तिनं घेतलं म्हंजी?"

"म्हणून लवकर जा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू शिकिवलंस हे?"

मी नाही म्हणालो. खरंच शिकवलं नव्हतं. गुरव पाकळी हातात घेऊन तसाच उभा होता, बायको खांबाला धरून रडत होती.  आईनं उंबऱ्यावरचं कुंकू बोटाला घेतलं, पोरीच्या कपाळाला लावायला हात उचलला, थोडी थांबली आणि ते स्वतःलाच लावलं. "कवाची तारीख म्हणला व्हता डाक्टर?" तिनं विचारलं.

ऑपरेशन झालं. नीट झालं. आईला शुद्ध आल्यावर मी समोर गेलो तर तिनं आधी विचारलं, पोरगी कशी हाय. मी म्हणालो, शाळेत गेलीय, ठणठणीत आहे. ती परत झोपली.

त्यानंतर आई आमच्याकडेच राहिली. छातीचं हाड जुळेपर्यंत चढण चढायची नाही, खुर्चीतून नेणंही नको, प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी आल्या आल्या पोरीनं शब्द पाळला. आजीच्या गादीवर बसून म्हणाली, "चुकले, माघारी घेते." आई म्हणाली, "हितं नाय. तिच्या म्होरं म्हणायचं. मला चढाया यायला लागलं की जाऊ दोघी." पोरगी बरं म्हणाली. मी बाजूलाच होतो. मी म्हणालो, "आई, तोवर?" आई म्हणाली, "तोवर काय? माझी छाती फाडलीया ते तिला दिसतंय न्हवं? थांबंल ती. धा वर्सं थांबली." आणि टीव्ही लावायला सांगितला.

तिची काळजी मिटली होती. माझी तिथं सुरू झाली.

पोरगी शिंकली की मी कपाळाला हात लावून बघायचो. सायकल मीच खालच्या पार्किंगमध्ये कुलूप लावून ठेवली. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला दोनदा टोकलं. तिला साधा सर्दीताप आला तर मी कंपनीत दांडी मारून तिच्या उशाशी बसलो आणि आई शेजारच्या खोलीत शेंगा फोडत, मैत्रिणीशी फोनवर हसत होती. बायको म्हणाली, "तुला झालंय काय?" मी म्हणालो, काही नाही, साथ आहे सध्या. मी स्वतःला 'का' विचारून पाहिलं. का घाबरलायस? पोरगी बोलली म्हणून. बोलण्यानं काय होतं? काही नाही. मग का? इथं माझं थांबायचं. आईच्या लेखी तिच्यासाठी थांबणारं कुणीतरी होतं. माझ्यासाठी थांबणारं कुणीच नव्हतं, आणि म्हणून मला घाबरायचं थांबता येत नव्हतं. हे वाक्य मी बायकोला बोलून दाखवलं असतं तर ती हसली असती, नाहीतर रडली असती. मी दाखवलं नाही.

पोरीला मी एकदा विचारलं, "तू ते मनापासून म्हणालीस, का आजीला घाबरवायला?" ती गणित करत होती. म्हणाली, "मनापासून. मी खोटं काय बोलले? असलीस तर, असं म्हणाले ना." मी तिची वाक्यं परत मनात लावून पाहिली. एकाही शब्दात खोट नव्हती. आमच्या घरातला एकुलता एक नियम तिनं पाळला होता. मोडायला निघालो होतो मी.

मागच्या रविवारी मी आईला आणि बायकोला सांगितलं, पोरीला जरा फिरवून आणतो. गाडी नाशिक रोडला घेतली. पोरीनं मोशीपर्यंत विचारलं नाही. चाकणच्या चौकात नेहमीसारखे कंटेनर अडकले होते, आम्ही मधोमध उभे होतो, तेव्हा तिनं विचारलं, "आपण गावाला चाललोय का?"

मी म्हणालो, "हो. पटकन जाऊन येऊ. आजीला बरं व्हायला अजून वेळ आहे, तेवढं कशाला थांबायचं. तू वर जाऊन ते शब्द माघारी घेऊन टाक."

तिनं माझ्याकडे नीट वळून पाहिलं. चेष्टा नव्हती, राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कुणाकडून, पप्पा?"

पुढचा कंटेनर हलला. मागून हॉर्न वाजायला लागले. मी पहिला गिअर टाकला आणि गाडी गावाच्या दिशेनं पुढं घेतली.